जनरेटर, गीझर, शेगडी: बंद खोलीत जळणाऱ्या गोष्टींचा हिशेब

जुलै २०२१. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापुरात रात्री वीज गेली म्हणून एका घरात जनरेटर सुरू केला. जनरेटर घरातच ठेवलेला होता. सकाळपर्यंत त्या कुटुंबातले सहा जण दगावले होते. डिसेंबर २०२४ मध्ये जॉर्जिया देशातल्या गुदौरी या बर्फाळ पर्यटनस्थळी एका भारतीय उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर १२ जण मृत सापडले, त्यांतले ११ भारतीय. तिथल्या पोलिसांच्या प्राथमिक तपासात हेच समोर आलं: वीज गेली होती आणि झोपायच्या खोल्यांजवळ एका बंद जागेत जनरेटर लावला होता.

एकीकडे विदर्भातला पावसाळा, दुसरीकडे कॉकेशस पर्वतातली थंडी. दोन्ही ठिकाणी ना आग लागली, ना स्फोट झाला. जीव घेतला तो कार्बन मोनॉक्साइडने. या वायूबद्दल आपल्याकडे एक समजूत घट्ट बसलेली आहे: बंद खोलीत काही जळत राहिलं की प्राणवायू संपतो आणि माणूस गुदमरतो, म्हणून खिडकीची फट ठेवली की झालं. ही समजूत अर्धवट आहे आणि म्हणूनच धोक्याची. खोलीत प्राणवायू भरपूर असतानाही हा वायू मारतो. तो विष आहे. तेव्हा प्रश्न हवा किती आत येते एवढाच नाही, विष किती वेगाने तयार होतंय हाही आहे.

पेट्रोल, डिझेल, गॅस, लाकूड, कोळसा, सगळ्यांत कार्बन असतो. जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला तर त्याचा कार्बन डायॉक्साइड होतो. कमी पडला, किंवा ज्योत पूर्ण जळायच्या आत थंड झाली, की काही कार्बन अर्ध्यावरच थांबतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला रंग नाही, वास नाही, नाकाला किंवा डोळ्यांना झोंबतही नाही. सिलिंडर गळतोय हे आपल्याला कळतं, कारण गॅसमध्ये मुद्दाम मर्कॅप्टन नावाचा घाण वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. पण तो ज्योतीत जळून जातो. म्हणजे गळणाऱ्या गॅसला वास येतो, जळलेल्या गॅसमधल्या विषाला येत नाही. ‘वास आला असता तर कळलं असतं’ हा भरवसा इथे कामाचा नाही.

आता हा वायू शरीरात काय करतो ते पाहू. रक्तातलं हिमोग्लोबिन ही प्राणवायू वाहून नेणारी एसटी समजा. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. तो सीटवर बसला की थांबा आला तरी उतरत नाही, आणि जे प्राणवायूचे प्रवासी आत आहेत त्यांनाही सहजासहजी उतरू देत नाही. गाडी धावत राहते, भरलेली दिसते, पण मेंदूच्या आणि हृदयाच्या थांब्यावर कोणीच उतरत नाही.

या घट्टपणामुळे हवेत अगदी थोडं प्रमाणही पुरतं. हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग, म्हणजे ०.०४ टक्के वायू असेल तर तास-दोन तासांत डोकं दुखायला लागतं आणि तीन तासांच्या पुढे जिवावर बेततं. १,६०० भाग झाले की वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि तासाभरात मृत्यू. १२,८०० भागांना, म्हणजे सव्वा टक्क्याला, एक ते तीन मिनिटं पुरतात. या वेळा निरोगी प्रौढ माणसाच्या आहेत. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा रक्तक्षय असलेली माणसं यांच्याकडे इतका वेळ नसतो.

या विषाची सर्वांत वाईट बाजू माझ्या मते वेगळीच आहे. सगळ्यात आधी मंदावतो तो मेंदू, म्हणजे ‘इथून बाहेर पडायला हवं’ हा निर्णय घेणारा अवयवच. डोकं जड होतं, पाय लटपटतात, दाराची कडी दिसते पण हात तिथवर जात नाही. झोपेत असलेल्याला तर जागच येत नाही. म्हणून ‘त्रास वाटला तर उठून बंद करू’ हा बेत मुळातच चालत नाही. जे ठरवायचं ते यंत्र सुरू करण्याआधी ठरवायला लागतं.

जनरेटरपासून सुरुवात करू, कारण घरगुती यंत्रांत तो सर्वांत घातक. आजच्या मोटारींत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या जनरेटरमध्ये तो सहसा नसतो. शिवाय त्याच्या इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं. अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो की एक सुटसुटीत जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड बाहेर टाकू शकतो. इतक्या वेगाने विष येत असेल तर खिडकी उघडून, पंखा लावून, दार किलकिलं ठेवून काही साधत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळाने वीज गेली, तेव्हा लोकांनी घरात जनरेटर लावले, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, कोळशाच्या शेगड्या आत घेतल्या. राज्याच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत त्या वादळातले १९ मृत्यू एकट्या कार्बन मोनॉक्साइडचे होते.

जनरेटर घराबाहेर, दार-खिडकीपासून किमान २० फूट लांब आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, हा सर्वमान्य नियम. आपल्याकडे ‘बाहेर’ म्हटलं की लोक व्हरांडा, जिन्याखालची जागा, गॅलरी, इमारतीचं तळघरातलं पार्किंग असं काहीही धरतात. यातलं एकही बाहेर नाही. गॅलरीतला धूर मागच्या खोलीत येतोच, आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या खिडकीतही जातो. छोट्या गाळ्यांमध्ये दुकानदार शटर अर्धं ओढून मागच्या बाजूला जनरेटर लावतात. मांडवांमध्ये तो कनातीच्या मागे असतो आणि रात्री राखणीला थांबलेली मुलं नेमकी कनातीला टेकून झोपतात. कापडाला कार्बन मोनॉक्साइड अडत नाही.

लोक जनरेटर आत का आणतात हेही समजून घ्यायला हवं. उगाच कोणी आणत नाही. पावसात तो भिजला तर शॉक लागायची भीती असते, आणि ती रास्त आहे. चोरीची भीतीही असते. त्यावर उपाय म्हणजे चारी बाजूंनी मोकळी, फक्त वर पत्रा असलेली जागा, साखळी-कुलूप आणि घरापर्यंत येणारी जाड, बाहेर वापरायची केबल. ज्यांच्याकडे अशी जागाच नाही, म्हणजे फ्लॅटमध्ये किंवा चाळीत राहणारे, त्यांनी जनरेटरचा नाद सोडून बॅटरीवरचा इन्व्हर्टर घ्यावा. दोन पंखे आणि चार दिवे यांच्यासाठी घरात इंजिन चालवायची गरजच नाही.

शेतातल्या विहिरीचं इथेच सांगून टाकतो. पंप पाणी वर ओढू शकतो ते व्यवहारात सात मीटरच्या आसपास. पाणी त्याहून खोल गेलं की काही ठिकाणी डिझेल इंजिनच विहिरीत खाली उतरवतात. डिझेल इंजिनात हा वायू पेट्रोलपेक्षा कमी बनतो हे खरं, पण विहीर म्हणजे वर फक्त एक तोंड असलेली खोलीच. इंजिन चालू असताना किंवा नुकतंच बंद केल्यावर खाली उतरू नये. एक जण पडला म्हणून दुसऱ्याने दोराशिवाय मागोमाग उतरू नये. पाणी खोल असेल तर पाण्यात सोडायचा विजेचा पंप घ्यावा.

महाराष्ट्रातल्या शहरी घरांत मात्र खरा धोका जनरेटरचा नाही, न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा आहे. थंडीत आणि विशेषतः होळी-रंगपंचमीनंतर, रंग काढायला एकामागून एक लांबलचक आंघोळी चालतात तेव्हा, या बातम्या हटकून येतात. त्याचं गणित सोपं आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर सुमारे १० किलोवॉट उष्णता लागते. स्वयंपाकघरातला मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे गीझर चालू असताना न्हाणीघरात चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटलेले असतात. स्वयंपाकघरात आपण तसं दार-खिडकी लावून कधी करणार नाही.

पुढचा हिशेब असा. पाच बाय सहा फुटांच्या आणि नऊ फूट उंच न्हाणीघरात साडेसात घनमीटर हवा मावते. असा गीझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो आणि त्याला जवळजवळ दोन घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू लागतो. म्हणजे दार-खिडकी लावलेली असेल तर दहा मिनिटांत पाव भाग प्राणवायू गेला: २१ टक्क्यांवरून १६ च्याही खाली. हा कागदावरचा हिशेब आहे, दाराखालच्या फटीतून थोडी हवा येतच असते. पण दिशा कळायला तो पुरेसा आहे. प्राणवायू कमी झाला की ज्योत नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि तोच धूर फिरून पुन्हा बर्नरकडे येतो. पहिल्या माणसाच्या आंघोळीपेक्षा तिसऱ्याची जास्त धोक्याची ती यामुळे. काही गीझरना २० मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर असतो. चांगली सोय आहे, पण टायमरला वेळ कळते, खोलीतली हवा कळत नाही.

एक्झॉस्ट पंख्यावर लोक फार विसंबतात. पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो. गीझरला धुराचा पाइप बाहेर काढलेला असेल तर असा पंखा त्याच पाइपातून धूर उलटा आत ओढू शकतो.

तेव्हा गॅस गीझर न्हाणीघरात नको. तो बाहेर, मोकळ्या हवेत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. पुण्या-मुंबईच्या इमारतींत यासाठी ड्राय बाल्कनी चालते, पण ती उघडी असेल तरच. बहुतेक घरांत तिला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून टाकलेल्या असतात आणि मग तीही एक बंद खोलीच होते. डक्टमध्ये गीझर लावणंही चुकीचं, कारण त्याच डक्टमध्ये सगळ्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या झडपा उघडतात. घर भाड्याचं आहे, गीझर आतच आहे, लगेच बदलणं शक्य नाही, अशी अडचण असेल तर दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळीला जा. वाहत्या शॉवरखाली गीझर चालू ठेवू नका. ज्योत पिवळी दिसली किंवा गीझरच्या वरच्या बाजूला काजळी धरली तर तो वापरणं थांबवून दुरुस्ती करा. ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका.

आपल्या आजी-पणजीचा तांब्याचा बंब आठवून पाहा. तो पडवीत किंवा मागच्या अंगणात पेटायचा आणि गरम पाणी बादलीतून आत यायचं. तो काही विज्ञान म्हणून बाहेर नव्हता, धुराने घर काळं होऊ नये म्हणून होता. गीझरचा धूर दिसत नाही आणि भिंत काळी करत नाही, म्हणून तो आत आला.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी लिहून ठेवलेली आहे आणि ती घराघरांत माहीत असायला हवी. न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्या किंवा झटका आलेल्या तरुण रुग्णांना अपस्मार समजून गोळ्या सुरू झाल्या, आणि नंतर लक्षात आलं की कारण गॅस गीझर होतं, अशी उदाहरणं भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. घरात कोणाला ‘फक्त आंघोळीच्या वेळीच’ चक्कर किंवा झटका येत असेल तर डॉक्टरांना गीझर कोणता आहे हे आवर्जून सांगा.

आता शेगडी. कोळसा पेटताना धूर होतो, तेव्हा आपण शेगडी बाहेर ठेवतो. धूर गेला, निखारे लाल झाले की ‘आता घ्या आत’ म्हणतो. नेमकं उलट व्हायला हवं. धगधगत्या निखाऱ्यांत तयार झालेला कार्बन डायॉक्साइड तापलेल्या कोळशातून वर येताना पुन्हा कार्बनशी संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर निळसर ज्योती नाचताना दिसतात तो हाच वायू जळत असतो. राख धरली, ज्योती विझल्या, की तो न जळताच खोलीत पसरतो.

यात मला सगळ्यात काळजी वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी, वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. माया सगळी खरी, पण त्या खोलीत सगळ्यात लहान आणि सगळ्यात भरभर श्वास घेणारा जीव बाळाचा असतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी खाली नेत असत ते याच कारणाने: लहान शरीर, वेगवान श्वास, त्यामुळे माणसाच्या आधी तो पक्षी कोसळायचा आणि खाणकामगारांना पळायला वेळ मिळायचा. बाळाला तर डोकं दुखतंय हेही सांगता येत नाही. ऊब द्यायचीच तर विजेचा हीटर अंतरावर ठेवा, खोली आधी तापवून घ्या, बाळाला कपड्यांचे थर घाला. शेकायच्या बाबतीत घरातल्या मोठ्यांशी वाद घालायचा नसेल तर निदान निखारे बंद खोलीत नकोत, एवढ्यावर तडजोड करता येते.

विजेच्या हीटरने प्राणवायू ‘जळतो’ असं बरेच जण म्हणतात. त्यात काही जळत नाही, त्यामुळे हा वायूही बनत नाही. पडदा, पांघरूण पेटण्याचा धोका असतो, तो वेगळा. तसंच हीटरजवळ पाण्याचं भांडं ठेवायची पद्धत. त्याने हवा थोडी ओलसर राहते, घसा कोरडा पडत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे विषावर त्याचा उपयोग शून्य. नाकाला ओला रुमाल, मास्क, खोलीत झाडाची कुंडी, यांचंही तेच. जमिनीवर झोपलं की वाचतो किंवा माळ्यावर झोपलं की वाचतो, हेही खरं नाही. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका आहे, पण इतका किंचित की तो खोलीभर सारखाच पसरतो.

थंडीत सिमला, मनाली, काश्मीर, नेपाळकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याला अशा थंडीची सवय नसते आणि हॉटेलवाला जो हीटर देईल तो आपण रात्रभर चालू ठेवतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामण इथे केरळहून आलेले आठ पर्यटक, त्यांतली चार मुलं, एकाच खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. खोली घेताना विचारा: हीटर विजेचा आहे की गॅसचा? बुखारी, म्हणजे खोली तापवायची लाकूड-कोळशाची बंद शेगडी, असेल तर तिचा धुराचा पाइप छताबाहेर गेला आहे का? गॅसचा हीटर किंवा अंगीठी दिली तर झोपण्याआधी ती विझवून खोलीबाहेर ठेवा आणि जादा रजया मागून घ्या. बर्फात गाडी अडकली तर इंजिन चालू ठेवण्याआधी खाली उतरून मागच्या सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर धूर गाडीखालून आत येतो.

विषबाधा ओळखायची कशी? डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, थकवा. अगदी फ्लू वाटावा असं, फक्त ताप नसतो. खूण अशी की घरातल्या दोघा-तिघांना एकदमच त्रास होतो आणि बाहेर मोकळ्यावर गेलं की बरं वाटतं. ‘काल रात्रीचं जेवण बाधलं’ असं म्हणून लोक पुन्हा त्याच खोलीत जाऊन झोपतात, तिथे घात होतो.

कोरोनानंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. इथे तो फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे माणूस मरणाच्या दारात असतानाही आकडा ९८ दाखवू शकतो. आकडा पाहून थांबू नका.

कोणी बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, वाटेत यंत्र बंद करता आलं तर करा, आणि माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा. आत उभं राहून पाणी शिंपडत बसू नका, नाहीतर दुसरा रुग्ण तुम्ही. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून करायचा प्रथमोपचार, तुम्हाला देता येत असेल तर तो द्या. न्हाणीघराला बाहेरून उघडता येणारी कडी असेल तर इथे पाच मिनिटं वाचतात. दवाखान्यात ‘बंद खोलीत जनरेटर चालू होता’, ‘गॅस गीझर होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यावरून पुढचं सगळं ठरतं. रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासता येतं आणि उपचार म्हणजे मास्कने शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी नेऊ नका. काही रुग्णांना बरे झाल्यासारखे वाटल्यावर, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, विसरभोळेपणा, स्वभावातला बदल, हातापायांचा ताठरपणा असा त्रास सुरू होतो. त्यासाठी पुन्हा दाखवायला जावं लागतं.

शेवटी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. भारतात तो अजून कमी घरांत दिसतो, पण ऑनलाइन मिळतो. गॅसगळतीचा अलार्म आणि धुराचा अलार्म ही वेगळी यंत्रं आहेत, ती यासाठी चालत नाहीत. खोक्यावर यूएल २०३४ किंवा ईएन ५०२९१ हे मानक लिहिलेलं पाहा. झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दाराबाहेर लावा. प्रवासात जाणाऱ्यांनी बॅटरीवर चालणारा घ्यावा, म्हणजे तो बॅगेतून नेता येतो आणि वीज गेली तरी चालू राहतो. अलार्म आहे म्हणून जनरेटर आत आणायची मुभा मिळत नाही. आणि सेन्सरला मुदत असते, बहुधा पाच ते दहा वर्षांची, ती मागच्या बाजूला छापलेली सापडेल. मुदत संपल्यावरही चाचणीचं बटण दाबलं की भोंगा वाजतो, कारण ते बटण मुख्यतः बॅटरी आणि भोंगा तपासतं, सेन्सर नाही. तेव्हा आवाज आला तरी यंत्र बदलायचं.